बायकांची चढण

कोल्ड फोर्डचा तळ, स्वीटवॉटर नदी
६ जुलै

मार्वा,

फोन करू नकोस म्हणालीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस. शिवाय इथे फोन लागतच नाही, त्यामुळे मी शब्द पाळतोय असं श्रेयही मला मिळणार नाही.

चर्चची मंडळी सोळा तारखेला पोरं आणि हातगाड्या घेऊन येतील, पूर्वजांच्या वाटेवर तीन दिवस त्या ओढत चालायला. तोवर तळ नीट करायला कोणीतरी आधी जायला हवं होतं, म्हणून मी हात वर केला. डेव्हॉन टोलमन म्हणाला, "रूलन, दहा दिवस एकटा राहशील? तिथे काही म्हणजे काही नाही." मी म्हटलं, घरी तरी काय आहे? पण हे मनात म्हटलं. त्याला म्हणालो, हवापालट होईल.

खरंच काही नाही इथे. दोन संडास, एक हातपंप, आणि पंपाचं पाणी असं की कुत्रंही वास घेऊन मागे फिरेल. पिण्याचं पाणी ऑर्व्हल टँकरने आणतो. तोच हे पत्र गावात नेऊन टाकणार आहे. झाड म्हणशील तर एक नाही, नुसती सेजची झुडपं आणि वारा. काल दुपारी तंबू उडाला तो नदीपर्यंत गेला. चुलीचा खड्डा मी पूर्वेला खणला, मग वाऱ्याकडे बघून दक्षिणेला खणला, आज परत पूर्वेला. तू असतीस तर म्हणाली असतीस, रूलन, एका जागी बस. बसवत नाही. बसलो की तळघर आठवतं.

तळघराला कुलूप लावलं ते तुझ्यासाठीच. पायऱ्या किती उंच आहेत तुला ठाऊक आहे. छातीत नवी झडप बसवलेली बाई पीचच्या बरण्या घेऊन त्या पायऱ्या चढणार, आणि मी ते बघत बसू? डॉक्टर म्हणाला मार्चमध्ये, की चाला, फिरा, गाडी चालवा, सगळं करा. पण तो केवढासा आहे! त्याला अजून नीट दाढी येत नाही. आणि गाडीच्या किल्ल्या मी खिशात ठेवल्या म्हणून तू म्हणालीस, "मी मेलेली नाही, रूलन. आणि तू मला आत्ताच पुरायला निघालायस." चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला असं बोलतात का?

असो. भांडायला लिहीत नाही. एक अडचण झाली आहे.

मे महिन्यात चर्चमध्ये या यात्रेतल्या मानलेल्या आई-बापांची नावं वाचली, तेव्हा आपलंही वाचलं. सातव्या कुटुंबाचे मा आणि पा, मार्वा आणि रूलन क्रॉम्प्टन. तू बॉइसीला लेकीकडे, जनीलकडे जाऊन तेव्हा महिना झाला होता. मी काय बोलणार? सगळ्यांनी मान डोलावली, मीही डोलावली. नंतर डेव्हॉनला सांगितलं, मार्वा नातवंडांपाशी गेली आहे, परस्पर तळावर येईल.

तर तीन दिवस ये. आपल्या वाट्याला आठ पोरं आहेत, चार मुली, चार मुलगे. परकी पोरं तीन दिवसांसाठी आपली होतात, तुला ते किती आवडायचं. गाडी ओढायची, बटाटे रांधायचे, रात्री गोष्टी सांगायच्या. नंतर हवी तर परत जा. मी अडवणार नाही. निदान सगळ्यांसमोर अडवणार नाही.

रूलन


९ जुलै

मार्वा,

डेव्हॉन येऊन गेला. तळ बघितला, खड्डे बघितले, म्हणाला, "तीन चुली कशाला रे?" मी म्हटलं, वारा फिरतो. म्हणाला, "वारा फिरतो की तू?" हल्ली फार शहाणा झालाय.

मग आम्ही चढणीकडे गेलो. तीच, गेल्या खेपेची. वाळू यंदा आणखी सुटली आहे, चाकं अर्धी रुतणार. डेव्हॉन वरून खाली बघत म्हणाला, "मार्वा ओढणार का? नाही म्हणजे, तिचं ऑपरेशन झालंय." मी सांगितलं की अजिबात नाही. मार्वा वर बसेल. मी खुर्ची आणली आहे, आपली हिरवी, हातांची, आणि वर छत्री बांधायची सोयही केली आहे. तू आरामात वर बसून मुलींना हाक मारू शकशील. सावलीत. पाण्याची बाटली ठेवायला खुर्चीला खिसाही शिवून घेतला आहे.

 डेव्हॉन म्हणाला, "हे तिने ठरवलं का?" मी म्हटलं, म्हणजे काय, आमचं बोलणं झालंय.

गेल्या खेपेचं तू अजून धरून बसली आहेस, हे मला माहीत आहे. चार वर्षं झाली. रिवाज मलाही कळतो. जुन्या वाटेवर कितीक बायकांचे नवरे फौजेत गेले, कितीक वाटेतच पुरले गेले, आणि उरलेल्या वाटेवर बायकांनीच गाड्या ओढल्या. म्हणून ही एक चढण बायकांची. पुरुषांनी वर जायचं, दोन रांगांत उभं राहायचं, टोपी काढायची, तोंड बंद ठेवायचं आणि हात लावायचा नाही. सगळं मान्य. पण तू घसरलीस, गुडघ्यावर पडलीस, मला दिसलं. मी धावलो आणि मागून गाडी ढकलली. रांगेतल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिशपने पुढच्या रविवारी व्यासपीठावरून माझं नाव घेतलं. आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. त्यात माझं काय चुकलं ते मला आजही कळलेलं नाही. बायको पडली तर नवऱ्याने टोपी हातात धरून उभं राहायचं?

तुला दूध-पावडर चालेल ना? ताजं दूध टिकत नाही इथे. ऑर्व्हल हॉर्न वाजवतोय.

रूलन


१३ जुलै

मार्वा,

तुझं कार्ड मिळालं, माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर. ऑर्व्हलने वाचलं असणार. उघडं कार्ड न वाचण्याइतका तो सभ्य नाही. देताना माझ्याकडे बघितलं नाही त्याने, टँकरचा नळ पिळत बसला, तो नळ आधीच बंद होता.

"मी येणार नाही. डेव्हॉनला खरं काय ते सांग. तुला पोरांसाठी मा हवी आहे, घरात बायको हवी आहे, की लोकांत शोभा हवी आहे, ते आधी ठरव."

वाचून एवढा संताप आला की सरळ चालत सुटलो. जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या जिकडे जातात तिकडे. एवढी वर्षं झाली तरी दगडात चाकोऱ्या तशाच आहेत. मनातल्या मनात तुला उत्तरं देत होतो. फार चांगली उत्तरं होती. परत येईपर्यंत एकही उरलं नाही.

ठरव म्हणतेस. तिन्ही हवंय मला. हे लिहायला लाज वाटते, पण शोभाही हवी आहे. झाकली मूठ म्हणतात ना, तशी तीन महिने झाकून ठेवली. सुपरमार्केटमध्ये कोलीन टोलमनने विचारलं, मार्वा कशी आहे? मी म्हटलं, छान, आत्ताच फोन झाला. दुसऱ्या रांगेत जाऊन उगाच दोरीचे भाव बघत उभा राहिलो. घरी आलो तर गरज नसताना दोरी घेतलेली.

आणि घरात तू नसलीस की मला काय करावं कळत नाही. हे मी कधी बोललो नाही. तू ऑपरेशनच्या खोलीत गेलीस तेव्हा मला बाहेर खुर्चीत बसवून ठेवलं होतं. हातात काही काम नाही, काही दुरुस्त करायचं नाही. बसून राहा म्हणाले. त्या दिवसापासून मला बसवत नाही मार्वा. तुला काही करताना दिसलं की माझे हात शिवशिवतात. वाटतं, ही बरणी आपण उचलली नाही तर परत त्या खुर्चीत बसावं लागेल.

डेव्हॉनला अजून सांगितलेलं नाही. तो सोळाला येईल तेव्हा बघू.

आज काही खणलं नाही. नाही, खोटं नको. एक खणला.

रूलन


१६ जुलै

मार्वा,

आले सगळे. बसमधून पोरं उतरली, ती वाऱ्याने निम्मी परत आत. फोन काढून घेतले, जुन्या काळच्या टोप्या आणि झगे वाटले, झगे घातलेल्या मुली झुडपांत अडकून किंचाळतायत. आपल्या कुटुंबात एक आहे किन्सली नावाची. जीभ म्हणजे कात्री. आल्या आल्या मला म्हणाली, "पा, आमची मा कुठाय?" म्हटलं, येतेय. तासाभराने परत, "पा, मा खरंच आहे ना? की तुमच्या मनातली आहे?" बाकीच्या खिदळल्या. मीही हसलो. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, कारण तिने बाकीच्यांना दटावलं.

जेवताना डेव्हॉन सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मार्वा उद्या सकाळी येणार का रे? ऑर्व्हलला थांबवू?"

माझ्या हातात डच ओव्हनच्या जाड लोखंडी पातेल्यातून काढलेल्या चीज-बटाट्यांची थाळी होती. ती खाली ठेवायला हवी होती, पण नाही ठेवली. म्हटलं, "ती येणार नाही. एप्रिलमध्येच ती मला सोडून गेली. मी खोटं बोललो."

 वारा तेवढा चालू. कोलीनने तोंडाला हात लावला. डेव्हॉन म्हणाला, "अरे." शेवटी किन्सली म्हणाली, "माझे आई-बाबा पण वेगळे राहतात, पा. बटाटे गार होतायत. वाढा."

मी वाढले. निम्मे बाहेर सांडले.

नंतर कोलीन म्हणाली, मी उद्या सातव्या कुटुंबाची मा होते. मुली म्हणाल्या, नको. आमची मा नाही तर नाही, आम्ही चौघी ओढू. कोलीन दुखावली असेल बहुधा. मला बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.

तू सांगितलंस तसं केलं. म्हणून ये, असं म्हणत नाही. एवढंच कळवायचं होतं. हिरवी खुर्ची घडी घालून तंबूमागे ठेवली आहे.

रूलन


ओकली, घरी
२१ जुलै

मार्वा,

सोळाचं पत्र तुला तळावरून बॉइसीला परत गेल्यावर दारातच सापडलं असेल. तू निघालीस तेव्हा ते पोचलेलं नव्हतं. म्हणजे मी खरं बोललो म्हणून तू आली नव्हतीस. तू खुर्चीच्या रागाने आलीस. नऊ तारखेचं पत्र वाचलंस आणि बसमध्ये बसलीस. चढणीच्या रात्री जेवताना तू म्हणालीच होतीस, "कुठाय ती खिसेवाली खुर्ची? बघू तरी दे." तेव्हा किन्सली तीत पाय वर घेऊन बसली होती.

चढणीवर खालून काय दिसलं ते तुला ठाऊक आहे. वरून काय दिसलं ते मला सांगू दे. तेवढंच लिहिणार आहे.

आम्ही वर गेलो. टोप्या काढल्या. ऊन मी म्हणत होतं. पहिलं कुटुंब आलं, दुसरं आलं, रडणारे रडत होते. ऑर्व्हलचा टँकर खाली नदीपाशी येऊन थांबला, मी तिकडे नीट पाहिलंही नाही. पाणी घेऊन आला असेल, आणखी काय? मग आपली गाडी चढणीखाली आली आणि मी मुली मोजल्या. पाच झाल्या. पुन्हा मोजल्या. पाचवीच्या अंगात झगा नव्हता, निळा शर्ट होता. तो शर्ट मी ओळखतो, जनीलने दिलेला. तू दांड्याच्या आत शिरलीस, किन्सलीच्या शेजारी. तिला काहीतरी बोललीस. तिने वर, माझ्याकडे, पाहिलं.

माझे पाय आपोआप हलले. एक पाऊल मी रांगेच्या बाहेर टाकलंच होतं, हे तुला दिसलं का माहीत नाही. दिसलं असेल तर सांगतो, ते मी मागे घेतलं.

तुम्ही वाळूच्या पट्ट्यापर्यंत बऱ्या आलात. मग चाक रुतलं. जिथे गेल्या खेपेला रुतलं होतं त्याच्या जरासं खाली. रांगेतल्या माणसांनी तुमच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी. ते वाटच बघत होते, मार्वा. बिशपसुद्धा. आणि तू दांडा सोडलास आणि खाली वाळूत बसलीस. छातीवर हात ठेवलास.

डेव्हॉन माझ्या कानाशी आला. "जा रूलन. रिवाज गेला चुलीत. जा. कोणी काही म्हणणार नाही."

मला परवानगी मिळाली होती. चारी बाजूंनी मिळाली होती. तुझ्याकडून तेवढी नव्हती. तू वर बघत नव्हतीस. तुला मी हवा असतो तर तू वर बघितलं असतंस, हे मला त्या घडीला कळलं. एवढ्या वर्षांत मी कधी ते तपासायला थांबलोच नव्हतो. धावायची इतकी घाई.

"नको," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं गेलं असावं, कारण गप्प राहायचा रिवाज मोडला म्हणून बिशपने माझ्याकडे पाहिलं.

मी उभा राहिलो. याहून कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि काम म्हणशील तर त्यात काहीच नव्हतं. टोपीची कड दोन्ही हातांत धरली होती. ती फाटली, गवताचे धागे हातात आले. मी भीत होतो. तू तिथेच संपशील आणि मी इथे टोपी धरून उभा असेन आणि लोक जन्मभर म्हणतील, बायको मरत होती आणि हा बघत होता. हेही मनात आलं, लोक काय म्हणतील. मी काही एका दिवसात सुधारलो नाही.

तू बाटलीतून पाणी प्यालीस. मुलींना काहीतरी सांगितलंस आणि त्या चौघी हसल्या. त्या उघड्या माळावर, वाळूत फसलेल्या गाडीपाशी, चौघी पोट धरून हसल्या. तू काय म्हणालीस ते मला माहीत नाही. विचारतही नाही. मग तू हात पुढे केलास, किन्सलीने उठवलं, आणि तुम्ही गाडी आधी मागे घेतलीत, जरा तिरकी केलीत, आणि चढलात. मागे घ्यायची! मला सुचलं नसतं. मी पुढेच ढकलत बसलो असतो.

तू माझ्या समोरून गेलीस तेव्हा तोंड लाल झालं होतं, केस चिकटले होते, आणि इतकी सुंदर तू मला लग्नातही दिसली नव्हतीस. मला वाटलं तू काहीतरी बोलशील. चार वर्षांचं, तळघराचं, काहीतरी. तू न थांबता म्हणालीस, "टोपी घाल. डोकं भाजेल."

घातली. कड नव्हती तिला.

दुसऱ्या दिवशी तू ऑर्व्हलबरोबर गेलीस. मी बॅग उचलली नाही हे तुझ्या लक्षात आलंय, मला माहीत आहे, कारण तू ती हातात घेऊन जरा वेळ थांबली होतीस. परत कधी येणार, येणार की नाही, हे विचारलं नाही. या पत्रातही विचारत नाही. ते न विचारण्यासाठी बरेच कागद फाडावे लागले.

तळघराचं कुलूप काढलं. पीच आहेत तसेच आहेत. पायऱ्या खरोखरच उंच आहेत, एवढं मी म्हणणारच. कठड्यासाठी लाकूड कापून ठेवलं आहे. लावायचा की नाही ते तू सांग. नाही म्हणालीस तर चुलीत जाईल.

पाकिटात तुझ्या गाडीच्या किल्ल्या आहेत. बुधवारी माझी पाण्याची पाळी आहे, दिवसभर वरच्या लसूणघासाच्या शेतात असेन. शेड उघडी आहे. जनीलने आणून सोडलं तर गाडी घेऊन तशीच फाटकातून जा, किंवा घरात ये, काय ते तुझं तू बघ. वरून फाटक दिसतं. मी बघेन, तेवढं चालवून घे. खाली येणार नाही.

गाडी एप्रिलपासून उभी आहे. टायरमधली हवा बघायला दोनदा शेडपर्यंत गेलो आणि दोन्हीदा दारातून परत आलो. तेव्हा हवा तूच बघून घे.

रूलन